सावज डावीकडे, शिकारी उजवीकडे

ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आंतरी नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथे अबुल फझलची कबर आहे. १६०२ मध्ये तो दख्खनेतून परतत असताना शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंहदेव बुंदेल्याने त्याला या मुलखात गाठलं आणि मारलं. अकबराचा चरित्रकार म्हणून त्याला सगळे ओळखतात. मला तो जवळचा वाटतो तो ‘आईन-इ-अकबरी’तल्या एका छोट्या नोंदीमुळे. तिथे त्याने गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचा कॅट रंगागणिक लिहून ठेवला आहे. बारा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण १४४. घोड्यांचा स्वामी, हत्तींचा स्वामी, किल्ल्यांचा, नौकांचा, देवांचा, सापांचा. आणि याच रांगेत एक रंग असुरपतीचा. त्याच्या राजाच्या पानावर सिंहासनावर बसलेला सुलेमान आणि खालच्या दहा पानांवर जिन्न. पुढे अबुल फझल सांगतो की बादशहाने या पानांत स्वतः फेरबदल केले. बदललेल्या एका रंगात कागद करणारे आणि दफ्तर लिहिणारे कारकूनसुद्धा आले.

समोर आलेला कॅट तसाच न खेळता आधी तो आपल्या मनासारखा घडवायचा, ही हौस त्या नोंदीत मला स्पष्ट दिसते. आज जगभर लाखो माणसं नेमकं हेच करतात. अशा पत्त्यांच्या खेळांपैकी एकाने, व्हॅम्पायरांच्या खेळाने, गेली काही वर्षं माझं डोकं पार व्यापून टाकलं आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि संभाव्यतेचा धडा इतक्या जिवंतपणे मला दुसरीकडे कुठेच भेटलेला नाही.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरात पत्ते कधी परके नव्हते. आजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत काही काळ श्योपूरला होते. तो भाग तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होता आणि तिथे गंजिफा रंगवणारे कारागीर होते. आजोबांनी आणलेली दशावतारी गंजिफा मी लहानपणी हाताळली आहे. गोल, लाखेने चकाकणारी पानं, दहा अवतारांचे दहा रंग, एकूण १२०. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाच्या वाट्याला ४०. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याची. कोणती पानं पडून गेली हे ध्यानात ठेवणं हेच त्या खेळातलं खरं कसब. सावंतवाडीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली, म्हणून कोकणात ती पानं आजही रंगवली जातात. पण गंजिफा असो, मेंढीकोट असो की ब्रिज, कॅट सगळ्यांचा मिळून एकच. तो पिसला, वाटला, की बुद्धी चालवायची वेळ सुरू होते.

रिचर्ड गारफील्डने ही वेळ अलीकडे ओढली. हा अमेरिकन माणूस गणितात पीएच.डी. झालेला, लहानपणाचा काही काळ बांगलादेश आणि नेपाळमध्ये काढलेला. १९९३ मध्ये त्याचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ आला. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेल्या पानांचा स्वतःचा कॅट घेऊन येतो. खेळणारे त्याला डेक म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्याने व्हॅम्पायरांचा खेळ केला. ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड’ या १९९१च्या भूमिका-खेळातलं जग त्याने पत्त्यांवर आणलं. सुरुवातीचं नाव ‘जिहाद’ होतं, ते १९९५ मध्ये बदलून ‘व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल’ झालं. १९९६ नंतर मूळ कंपनीने पानं काढणं थांबवलं, २००० मध्ये व्हाइट वुल्फ या कंपनीने ते पुन्हा सुरू केलं, २०१० मध्ये परत बंद पडलं, आणि २०१८ पासून ब्लॅक चँट्री ही संस्था पानं छापते आहे. मधल्या काळात हा खेळ खेळाडूंच्या संघटनेनेच चालू ठेवला. दुकानात नवं पान मिळत नसताना माणसं जुन्याच पानांतून नवे डेक जुळवत राहिली, याचं मला फार कौतुक वाटतं.

माझा भाचा पुण्यात शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो हा खेळ घेऊन आला. त्याला पाच माणसं हवी होती, आणि लू सुटलेल्या मे महिन्यात दुपारभर न हलणारी माणसं आमच्या कूलरसमोरच मिळतात. तो, भाची, त्याचा एक वर्गमित्र, बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका आणि मी. पाचच का, हे आधी सांगायला हवं, कारण डेक जुळवण्याचं सगळं मर्म त्या पाचात आहे.

पाचजण गोल बसतात. प्रत्येकजण मेथुसेला, म्हणजे हजारो वर्षं जगलेला व्हॅम्पायर. तो स्वतः कधी पुढे येत नाही, हाताखालच्या तरुण व्हॅम्पायरांकडून कामं करून घेतो. प्रत्येकाला सुरुवातीला ३० बिल्ले मिळतात. त्याला पूल म्हणतात. पूल संपला की माणूस बाद. तुमच्या डाव्या हाताला बसलेला तुमचं सावज, उजव्या हाताला बसलेला तुमचा शिकारी. तुम्ही सावजाला बाद केलंत तर तुम्हाला एक विजयगुण आणि वर सहा पूल. मग त्याच्या पलीकडचा माणूस तुमचं नवं सावज. शेवटपर्यंत जो टिकेल त्याला आणखी एक गुण. उरलेले दोघे, म्हणजे सावजाचं सावज आणि शिकाऱ्याचा शिकारी, तुमचे ना मित्र ना शत्रू. शिकाऱ्याचा शिकारी तुमच्या शिकाऱ्याला दमवत असतो तोवर तुम्हाला तो हवासा वाटतो. त्याने त्याला बाद केलं की तोच, सहा पुलांनी ताजातवाना होऊन, तुमच्या उजवीकडे येऊन बसतो. हे वर्तुळ डोक्यात ठेवल्याशिवाय एकही पान निवडू नये.

पानांचे दोन ढीग लागतात. पहिला क्रिप्ट, म्हणजे व्हॅम्पायरांचा. त्यात किमान १२ पानं. दुसरा लायब्ररी, ६० ते ९० पानांचा. त्यात व्हॅम्पायरांनी करायच्या कृती, डावपेच, प्रतिकार, लढाई, मतदान, आणि मेथुसेलाने स्वतः खेळायची मास्टर पानं. मॅजिकमध्ये बहुतेक पानांच्या चारच प्रती चालतात. इथे तशी मर्यादा नाही. एकच पान वीस वेळा घाला, नियमाची ना नाही. म्हणून प्रश्न ‘कोणतं पान घेऊ’ एवढ्यावर थांबत नाही. ‘ते किती घेऊ’ हा खरा प्रश्न.

क्रिप्टपासून सुरुवात करू. प्रत्येक व्हॅम्पायरची एक क्षमता असते, १ ते ११. त्याला मैदानात आणायचं तर तेवढा पूल त्याच्या अंगावर रक्त म्हणून ठेवावा लागतो. ते रक्त मग तो हल्ल्यांसाठी आणि जखमा भरायला वापरतो. एका पाळीत जास्तीत जास्त चार बिल्ले हलवता येतात; पहिल्या पाळीत पहिल्याला एकच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. अरिका ही व्हेंट्रू कुळातली ११ क्षमतेची व्हॅम्पायर. तिला आणायला पूर्ण चारच्या तीन पाळ्या लागतात, आणि ती उभी राहते तेव्हा तुमच्याकडे १९ पूल उरतो. तिच्या जोडीला सातचा एक आणला की १२. काकांनी पहिल्याच दुपारी पुलाला भांडवल म्हटलं, आणि माझ्या मते खेळाचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही: ज्यातून गुंतवणूक करायची त्याच थैलीतून जीव जातो. मोठे व्हॅम्पायर ताकदवान, पण ते येईपर्यंत तुम्ही उघडे. लहान लवकर येतात, पण त्यांच्या विद्या थोड्या आणि रक्तही थोडं.

भाच्याच्या पहिल्या क्रिप्टमध्ये बारा वेगवेगळे व्हॅम्पायर होते. प्रत्येकाचं चित्र आवडलेलं, प्रत्येकाची काही ना काही खास शक्ती. मी त्याला वही काढायला सांगितली. सुरुवातीला बारापैकी चार पानं समोर येतात. ज्या व्हॅम्पायरवर तुझा डेक उभा आहे त्याची एकच प्रत असेल, तर तो पहिल्या चारात येण्याची शक्यता बारात चार, म्हणजे ३३ टक्के. दोन प्रती घातल्या तर ५८ टक्के. तीन घातल्या तर ७५. चार घातल्या तर ८६. पाच घातल्या तर ९३. हा हिशेब अकरावीच्या पुस्तकातला आहे: तो एकदाही न येण्याची शक्यता काढायची आणि एकातून वजा करायची. दोनवरून तीनवर गेल्याने १७ टक्क्यांचा फायदा, चारवरून पाचवर गेल्याने फक्त ७ टक्क्यांचा. शिवाय एका व्हॅम्पायरची एकच प्रत मैदानात राहू शकते, बाकीच्या जागा अडवतात. म्हणून नायकाच्या तीन किंवा चार प्रती, ही संख्या कोणी परंपरेने सांगितलेली नाही, गणितानेच ठरवलेली आहे.

क्रिप्टवर आणखी एक बंधन आहे. प्रत्येक व्हॅम्पायरच्या पानावर गटाचा आकडा असतो, आणि बाराही जण एकाच किंवा लागोपाठच्या दोन गटांतले असावे लागतात. हे बंधन मला आवडतं. त्यामुळे जगातले सगळे बलवान एका डेकात गोळा करता येत नाहीत.

आता विद्या. डॉमिनेट म्हणजे दुसऱ्याच्या मनावर ताबा, ऑब्फ्यूस्केट म्हणजे दिसेनासं होणं, ऑस्पेक्स म्हणजे दूरचं पाहणं, प्रेझेन्स म्हणजे भुरळ, पोटेन्स म्हणजे अंगबळ, सेलेरिटी म्हणजे वेग. लायब्ररीतली बहुतेक पानं खेळायला विशिष्ट विद्या लागते. बाराही व्हॅम्पायरांकडे ज्या दोन विद्या सामाईक आहेत, त्यांचीच पानं भरपूर घ्यावीत. तिसऱ्या विद्येचं कितीही देखणं पान समोर आलं तरी हात आवरावा. भाच्याने डॉमिनेट आणि ऑब्फ्यूस्केट निवडलं. लपून जायचं आणि सावजाचा पूल उडवायचा. खेळाडू याला स्टेल्थ-ब्लीड म्हणतात. हा या खेळातला सर्वांत जुना आणि अजूनही जिंकणारा मार्ग आहे.

तो चालतो असा. कोणताही व्हॅम्पायर सावजावर ब्लीड करू शकतो, म्हणजे त्याचा पूल कमी करू शकतो; साध्या हल्ल्यात एक. ‘गव्हर्न दि अनअलाइन्ड’ या पानाने त्यात दोन वाढतात. वर ‘कंडिशनिंग’ खेळलं आणि व्हॅम्पायरकडे डॉमिनेटची वरची पातळी असली तर आणखी तीन. एक, दोन आणि तीन मिळून सहा. ज्याने व्हॅम्पायर आणण्यात १८ खर्च केले त्याच्याकडे १२ उरलेले असतात. असे दोन हल्ले आणि तो बाद. पण सावजाचे व्हॅम्पायर हल्ला अडवायला येतात. अडवणाऱ्याचा इंटरसेप्ट, म्हणजे अडवण्याचा आकडा, हल्ल्याच्या स्टेल्थइतका, म्हणजे लपण्याच्या आकड्याइतका, किंवा जास्त असला की अडवणूक यशस्वी. साध्या ब्लीडला स्टेल्थ शून्य, साध्या व्हॅम्पायरला इंटरसेप्टही शून्य, म्हणजे काही न करता कोणीही अडवू शकतो. इथे ऑब्फ्यूस्केटची पानं लागतात.

गव्हर्नचा दुसरा उपयोग मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. वरच्या पातळीच्या डॉमिनेटने तेच पान खेळून, अजून न आलेल्या एखाद्या लहान व्हॅम्पायरवर बँकेतून, म्हणजे सामाईक बिल्ल्यांच्या ढिगातून, तीन रक्त ठेवता येतं. म्हणजे तीन पूल वाचला आणि पुढचा गडी जवळजवळ एक पाळी आधी उभा राहिला. सुरुवातीला बांधकाम करणारं आणि शेवटी घाव घालणारं, असं एकच पान. स्पर्धेच्या डेकात अशी पानं शोधावीत. जे पान खेळाच्या एकाच टप्प्यावर कामाचं, ते उरलेला सगळा वेळ हातात अडकून बसतं.

हातात अडकणं हा या खेळातला खरा आजार आहे, आणि पहिल्यांदा डेक जुळवणारा त्याच्याकडे लक्ष देत नाही. हातात सात पानं असतात. एक खेळलं की लगेच एक उचलायचं. हात नेहमी सातचा. वरवर ही चैन वाटते. पण जी पानं खेळता येत नाहीत ती तशीच राहतात, आणि पाळीच्या शेवटी फक्त एक टाकून देता येतं. मास्टर पान पाळीला एकच खेळता येतं; हातात तीन आली तर दोन बसून. लढाईची चार पानं आली आणि कोणी लढलंच नाही, तर उरलेल्या तीन पानांवर खेळायचं. भाच्याने जमिनीवर मांडलेल्या ढिगात २४ मास्टर होती. नव्वदात चोवीस म्हणजे सातांत सरासरी जवळजवळ दोन, पाळीला खेळायचं एक. तिथून आम्ही काढायला सुरुवात केली.

दोन दुपारी त्यात गेल्या. काय घालायचं हे भाच्याला चांगलं ठाऊक होतं. काय काढायचं यावर घर दुमदुमलं. सोन्याच्या मोलाची वाटणारी शस्त्रं काढली, कारण त्यांना लढाई हवी आणि हा डेक लढाई टाळतो. मतदानाची पानं काढली. ‘काइन रिसोर्सेस कंटेस्टेड’ हे उत्तम पान आहे. चार पुलांचं नुकसान दोन किंवा अधिक जणांत वाटून टाकता येतं. पण मतं लागतात. प्रिन्सला दोन, जस्टिकारला तीन, इनर सर्कलच्या सभासदाला चार मतं असतात, आणि भाच्याच्या बारांत एकालाही पद नव्हतं. भाचीला हे पटलं नाही. ती म्हणाली, “दादा, दोनच ठेव ना. कधीतरी लागतील.” अशी दोनच ठेवलेली पानं डेक बिघडवतात. ती हवी तेव्हा येत नाहीत, नको तेव्हा येतात. एकतर काम पुरेल इतकी घ्यावीत, नाहीतर अजिबात घेऊ नयेत. भाचीने मग मतदानाचाच स्वतंत्र डेक केला, पदवाले व्हॅम्पायर निवडून. योग्य मार्ग तोच होता.

शेवटी ८० पानं राहिली. मास्टर १४, गव्हर्न १२, ब्लीड वाढवणारी १०, स्टेल्थची २२, ‘डिफ्लेक्शन’ ८, जागं करणारी ६, लढाईतून सुटण्याची ८. मास्टरमध्ये ‘ब्लड डॉल’ आणि ‘व्हिलेन’, दोन्ही व्हॅम्पायरच्या अंगावरचं रक्त परत पुलात आणणारी. गुंतवलेलं भांडवल काढून घेण्याची ही सोय नसेल तर कितीही जोरदार डेक तिसऱ्या-चौथ्या हल्ल्यानंतर कोरडा पडतो.

डिफ्लेक्शनपाशी थोडं थांबायला हवं. हे पान पाचांच्या वर्तुळाचं गुपित उघडतं. शिकारी तुमच्यावर ब्लीड करतो, सगळी ताकद लावतो, सहाचा घाव येतो. तुम्ही अडवत नाही. डिफ्लेक्शन खेळता आणि तो घाव दुसऱ्या कोणावर, बहुधा तुमच्या सावजावर, वळवता. शिकाऱ्याची तीन-चार पानं आणि रक्त खर्ची पडलं, तुमचा पूल शाबूत, आणि काम तुमचं झालं. त्या घावाने तुमचं सावज बाद झालं तर विजयगुण आणि सहा पूल तुम्हाला मिळतात. घाव कोणाचा हे खेळ विचारत नाही. म्हणून समोरच्याच्या व्हॅम्पायरांकडे डिफ्लेक्शनला लागणारं डॉमिनेट दिसलं की शहाणा शिकारी सहाचा घाव एकदम घालत नाही. आधी लहान ब्लीड करून हातातली डिफ्लेक्शन बाहेर काढायला लावतो.

पण हल्ला करून आलेला व्हॅम्पायर दमलेला असतो, त्याचं पान आडवं होतं. आडव्या व्हॅम्पायरला प्रतिकाराचं पान खेळता येत नाही. सगळ्यांना हल्ल्यावर पाठवलं तर शिकाऱ्याच्या पाळीत डिफ्लेक्शन हातात असून उपयोग नाही. म्हणून ती सहा जागं करणारी पानं. आडव्या व्हॅम्पायरला तेवढ्यापुरतं उठवतात. नवा खेळाडू ही सहा पानं सर्वांत आधी काढतो, कारण एकटी ती काहीच करत नाहीत.

आठ डिफ्लेक्शन पुरेत का? ८० पानांत आठ असली तर सुरुवातीच्या सातांत किमान एक येण्याची शक्यता ५४ टक्के. बारा केली तर ६९. हे १५ टक्के मिळवायला चार जागा द्याव्या लागतात. त्या कुठून द्यायच्या, हे गणित सांगत नाही. ते तुमच्या शेजारी कोण बसणार यावर ठरतं.

म्हणूनच इतरांचे डेक ओळखता यावे लागतात. वॉल म्हणजे भिंत: ऑस्पेक्सने भरलेला, सगळं अडवणारा, सावकाश मारणारा. असं सावज मिळालं तर स्टेल्थवाल्याची परीक्षा. रश म्हणजे दुसऱ्याच्या व्हॅम्पायरांवर धावून जाऊन त्यांना निपचित पाडणारा. तो भीतिदायक वाटतो, पण नुसत्या मारामारीने कोणाचा पूल कमी होत नाही. पाडल्यावर ब्लीड करायची सोय त्याने ठेवली नसेल तर तो टेबल उद्ध्वस्त करतो आणि गुण दुसरा घेऊन जातो. मतदानाचे डेक सगळ्या टेबलाशी बोलत राहतात. ज्याला बोलायला आवडतं त्याने तो डेक घ्यावा. आमचे काका तो घेतात आणि भाचीशी युती करून मला दोन्हीकडून घेरतात.

स्पर्धेत एका टेबलाला साधारण दोन तास मिळतात. वेळ संपली तेव्हा जे जिवंत असतील त्यांना अर्धा-अर्धा गुण. डाव जिंकला असं म्हणायला किमान दोन गुण आणि टेबलावर सर्वांपेक्षा जास्त गुण लागतात. याचा डेकवर थेट परिणाम होतो. अभेद्य पण कोणालाच न मारणारा डेक अर्ध्या गुणावर अडकतो. पहिल्या अर्ध्या तासात सावजाला उडवून स्वतः रिकामा होणारा डेक एका गुणावर थांबतो. दोन जणांना बाद करण्याइतकं इंधन असावं आणि तोवर तग धरता यावा, असा डेक हवा. शिवाय स्पर्धेच्या सगळ्या फेऱ्यांत तोच डेक खेळावा लागतो. एका फेरीत भिंत आडवी आली म्हणून दुसऱ्या फेरीसाठी एकही पान बदलता येत नाही.

दोन किंवा तीन फेऱ्यांनंतर पहिले पाच अंतिम टेबलावर बसतात. तिथली बसण्याची पद्धत मला फार सुंदर वाटते. पाचवा आधी बसतो, मग चौथा आपली जागा निवडतो, मग तिसरा, दुसरा, आणि पहिला सर्वांत शेवटी. तोवर सगळ्यांना सगळ्यांचे डेक बहुतेक कळलेले असतात. शेवटचा निवडणारा पाहतो की कोणाच्या डावीकडे बसलं तर आपण वाचू आणि कोणाच्या उजवीकडे बसलं तर आपलं सावज मऊ असेल. अंतिम टेबलावर बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा जिंकतो, म्हणून घाई इतरांना असते, पहिल्याला नसते. स्वतःसाठी जुळवलेला डेक इथे चार अनोळखी डेकांच्या मधोमध ठेवून तोलला जातो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी एवढंच सांगेन: सुटी पानं गोळा करत बसू नका. ब्लॅक चँट्री आता नशिबावर सोडलेली बंद पाकिटं विकत नाही, तयार डेक विकते, आणि आत कोणती पानं आहेत हे आधी कळतं. पैसेवाल्या मुलाला पाकिटं फोडून पुढे जाण्याची वाट त्यामुळे बंद झाली, हे फार चांगलं झालं. २०२०च्या पाचव्या आवृत्तीत पाच कुळांचे पाच डेक आहेत: मल्काव्हियन, नॉस्फेराटू, टोरेडोर, ट्रेमेर आणि व्हेंट्रू. पाच माणसांना पाच. पहिले काही डाव त्यात काहीही न बदलता खेळा. प्रत्येक डावानंतर लिहून ठेवा, शेवटी हातात कोणती पानं पडून राहिली होती. तीच तीच पानं वहीत पुन्हा दिसू लागली की ती काढा. चित्रं रक्ताची आहेत, लहान मुलांना देऊ नका. कॉलेजातल्या मुलांबरोबर खुशाल बसा.

भाच्याचा डेक अजून पक्का झालेला नाही. आमच्या टेबलावर काका आणि भाची दोघंही मतदान करतात, आणि मतदानाचं नुकसान डिफ्लेक्शनने वळत नाही. म्हणून मी म्हणते, आठपैकी दोन डिफ्लेक्शन काढ आणि त्या जागी ब्लीड वाढवणारी दोन घाल, आधी मारून मोकळा हो. तो म्हणतो, “आत्या, मी हा डेक आपल्या टेबलासाठी नाही करत. पुण्यात माझ्या उजवीकडे कोण बसेल ते तुला माहीत आहे का?” मला माहीत नाही, म्हणून सध्या आठ आहेत. मी त्याला दुसरा प्रश्न घातला आहे: लढाईतून सुटण्याची आठ पानं आहेत, त्यातली गेल्या डावांत किती खेळलास? तो वही चाळतो आहे.